तीन नंबरचा पाईप

दहिसर
९ जानेवारी २०२४

चि. रुचिरास,
धाकूमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून तुला नवल वाटेल. तुझ्या वडलांच्या बाराव्याला आपण भेटलो, त्याला सहा वर्षं झाली. तुझ्या आईचा मी चुलतभाऊ. मुलुंड काही लांब नाही, पण येणंजाणं राहिलं ते राहिलंच.

काल सकाळी आमच्या चाळीला लागून असलेल्या पेट्रोल पंपावर मी तुला पाहिलं. पिवळं हेल्मेट, अंगात चमकणारं जाकीट, आणि जमिनीतलं एक झाकण उघडून तू उकिडवी बसली होतीस, आत दोरी सोडत. आधी ओळखलंच नाही. मग तू घाम पुसायला हेल्मेट काढलंस. मी कुंपणाकडून हाक मारली. तू हात हलवलास, काहीतरी बोललीसही, पण मला कुठलं ऐकू यायला. सव्वीस वर्षं मिलच्या लूमखात्यात काढली, कान तिथेच राहिले. आता मशीन लावून नुसती घरघर ऐकू येते. म्हणून फोन बंद, पत्र चालू. आमचा नितेश म्हणतो, माझ्या मोबाईलवर मेसेज करायला सांगा तिला. पण मग माझं बोलणं त्याच्या हातून जातं. पत्र कसं, माझं मी लिहितो.

नितेश लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत आहे. गेल्या वर्षी लग्न झालं, सून अक्षता बोरिवलीला शाळेत शिकवते. तुझ्या मामीचे, जानकीचे, गुडघे सोडले तर बाकी सगळं बरं आहे.

तर तू तिथे काय करत होतीस? जानकी म्हणाली, पंपवाल्यांच्या जमिनीत पाणी शोधायला आली असेल. मी म्हटलं, पाणी शोधायचं तर आमच्या विहिरीत ये. बावीस खोल्यांना पुरून उरतं. नळ पाऊण तास येतो, बाकी सगळा कारभार विहिरीवरच.

पुढच्या वेळी आलीस की जेवायलाच ये.

तुझा
धाकूमामा

---

मुलुंड
२१ जानेवारी २०२४

ती. धाकूमामांस,
सा. न.

तुम्हाला बघितलं आणि खरंच यायचं होतं, पण बाटल्या बर्फाच्या पेटीत घालून त्याच दिवशी लॅबला पोचवायच्या असतात. गाडी थांबली होती. पुढच्या वेळी नक्की.

मी घाटकोपरच्या एका कंपनीत आहे, आमचं काम पेट्रोल पंपांच्या जमिनीखालचं पाणी तपासायचं. पंपाच्या टाक्या जमिनीत पुरलेल्या असतात. एखादी टाकी झिरपली तर वरून कुणाला कळत नाही. म्हणून टाक्यांच्या चार बाजूंना चार पाईप खोल उतरवून ठेवलेले असतात, पाण्यापर्यंत. दर तीन महिन्यांनी मी झाकण उघडते, दोरीला बांधलेली पारदर्शक नळी आत सोडते, पाणी वर काढते. लॅब सांगते त्यात पेट्रोल आहे का. बस, एवढंच. चार पाईप, चार बाटल्या, एक सही. तुमच्या चाळीच्या बाजूला जो आहे तो तीन नंबरचा.

मामा, एक विचारायचं होतं. विहिरीच्या पाण्याला हल्ली काही वास येतो का? आणि ते पिता का तुम्ही?

सहजच विचारते.

तुमची
रुचिरा

---

दहिसर
२ फेब्रुवारी २०२४

चि. रुचिरास,
अनेक आशीर्वाद.

तुझं काम वाचून अभिमान वाटला. चाळीत दोघा-तिघांना सांगितलं, माझी भाची जमिनीखालचं ओळखते.

वासाचं तू विचारलंस म्हणून जानकीला विचारलं. ती म्हणते, दिवाळीपासून येतो. डिसेंबरात नळाची लाईन फुटली होती, आठ दिवस विहिरीचंच पाणी उकळून प्यालो. तेव्हा भाताला रॉकेलसारखा वास मारत होता. शेजारच्या प्रेमाबाई म्हणाल्या, मोटारीचं ऑइल गळत असेल. नितेशने मोटार उघडली, वायसर बदलला. नंतर वास कमी झाला, का आम्हाला सवय झाली, सांगता येत नाही. एरवी पितो नळाचंच. आंघोळ, कपडे, भांडी मात्र विहिरीवर.

का गं विचारलंस? पंपाचं काही आहे का? असेल तर सांग. मिलच्या संपात आम्ही भल्याभल्यांना गेटवर अडवलं आहे, हा पंपवाला कोण लागून गेला.

तुझा
धाकूमामा

---

मुलुंड
२६ फेब्रुवारी २०२४

ती. धाकूमामांस,
सा. न.

उशीर झाला उत्तराला. ऑफिसात खूप काम आहे.

पंपाचं काही नाही. रिपोर्ट आला, त्यात काही आढळलेलं नाही. तुम्ही कृपा करून पंपावर भांडायला जाऊ नका.

पण विहिरीचं पाणी वापरू नका, मामा. प्यायला तर नाहीच, आंघोळीलाही नको. जुन्या विहिरींत गाळ साचतो, पालापाचोळा कुजतो, त्याचा वास येतो, त्वचेला त्रास होतो. तुमच्या विहिरीतही तसंच झालं असणार, गाळच असणार. थोडे दिवस टँकर मागवा. मामीला आणि अक्षताला नीट सांगा.

हे मी लिहिलंय असं कुणाला सांगू नका. आम्हाला कामाच्या जागेबद्दल बाहेर काही बोलायची परवानगी नसते. वाचून झालं की पत्र फाडून टाका.

मी मार्चच्या मध्यापासून तीन आठवडे नागपूरकडे साईटवर आहे. आल्यावर भेटायला येते.

रुचिरा

---

दहिसर
२० मार्च २०२४

चि. रुचिरास,
अनेक आशीर्वाद.

तू लिहिलंस ते अगदी बरोबर निघालं. चाळीच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला. तुझं नाव घेतलं नाही, म्हटलं माहीतगार माणसाने सांगितलंय, गाळ साचलाय. हिशेब लावला तर विहीर उपसून आठ वर्षं झाली. सगळ्यांना पटलं. वास कसला याचा उलगडा झाला म्हणून बायकांना बरं वाटलं. टँकरचं बोललो, पण आमच्या गल्लीत टँकर वळत नाही.

तेव्हा ठरलं की विहीर उपसायची. रविवारी ७ एप्रिलला, म्हणजे दोन दिवसांनी पाडव्याला स्वच्छ पाणी. मोटारीने पाणी खाली न्यायचं, मग उतरून गाळ भरायचा. बाहेरचा माणूस बोलवायचा विचार होता, पण नितेश म्हणाला, "बाबा, मी रोज चाळीस-चाळीस मजल्यांच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरतंय, ही पस्तीस फुटांची विहीर काय घेऊन बसलास." त्याच्याकडे कंपनीचा पट्टा आहे, दोर आहे. वरून दोर मी धरणार आणि शेजारचा चंद्रप्रकाश. अक्षता कुरकुरली, सुट्टीच्या दिवशी हे काय. पण तो ऐकेना.

तुझ्यामुळे हे काम मार्गी लागलं. आम्ही आपले मोटारीचे वायसर बदलत बसलो होतो.

पाडव्याला इथेच ये. पुरणपोळी आहे.

तुझा
धाकूमामा

---

दहिसर
२४ एप्रिल २०२४

चि. रुचिरास,
आशीर्वाद.

दहाव्याला तू आलीस, तीन तास भिंतीला टेकून बसलीस आणि एक शब्द न बोलता गेलीस. जानकी म्हणाली, पोरीला फार लागलं. आता थोडं लिहितो. बोलून होत नाही, लोकांचे ओठ बघायचा कंटाळा आला आहे.

त्या दिवशी सकाळी सातला मोटार लावली. अकरापर्यंत पाणी गुडघाभर उरलं. नितेश पट्टा बांधून उतरला. आमचं ठरलं होतं, दोर तीनदा ओढला की वर घ्यायचं. खाली पोचल्यावर त्याने हात केला. घमेलं सोडलं, त्याने एक भरून दिलं. चिखलच होता, काळा. दुसरं सोडलं. चंद्रप्रकाशला मुलीचा फोन आला, तो चार पावलं बाजूला गेला. मी दोर धरून उभा होतो. नितेशने वर बघून काहीतरी म्हटलं. मला वाटलं घमेलं ओढायला सांगतो आहे. मी घमेलं ओढलं. ते अर्धं रिकामं आलं. परत बघितलं तर तो भिंतीला हात लावून बसला होता. मला वाटलं दमला.

चंद्रप्रकाश धावत आला तेव्हा मला कळलं. तो नंतर म्हणाला, नितेश ओरडत होता, "बाबा, वर घ्या, डोकां फिरता." तीनदा ओरडला. त्याला पलीकडून ऐकू आलं. मी कठड्यावर होतो.

दोर ओढून त्याला वर घेतलं तेव्हा श्वास चालू होता. हॉस्पिटलात पोचेपर्यंत नव्हता. पोलिसांनी अपमृत्यूची नोंद केली, विहिरीतल्या दूषित हवेने गुदमरून. गावाला विहिरीत उतरायच्या आधी पेटता कंदील सोडतात. विझला तर उतरायचं नाही. मला ते माहीत होतं. मी म्हटलं होतं त्याला. तो हसला, म्हणाला आता कंदील कुठून आणू. मी पुढे बोललो नाही.

आता मुद्द्याचं. त्याचे कपडे हॉस्पिटलातून दिले ते अजून बाहेर दोरीवर आहेत. अक्षताने तीनदा धुतले. पेट्रोलचा वास जात नाही. गाळाला असा वास येतो का? मला त्यातलं कळत नाही. तुला कळतं.

तू सांग.

धाकूमामा

---

मुलुंड
२ मे २०२४

ती. धाकूमामा,

हे पत्र पाचव्यांदा लिहिते आहे. आधीच्या चार पत्रांत मी रडले होते, ती तुम्हाला पाठवायची नव्हती.

गाळाला तसा वास येत नाही.

८ जानेवारीला तुम्ही कुंपणाशी उभे होतात, तेव्हा मी तीन नंबरच्या पाईपातून नळी वर काढत होते. नळीत खाली पाणी होतं आणि वर दोन बोटं पिवळं पेट्रोल. नुसतं मिसळलेलं नाही, वेगळं तरंगणारं. सहा वर्षांत मी असं एकदाच पाहिलं होतं. मी फोटो काढला, वहीत लिहिलं. मग हेल्मेट काढून घाम पुसला आणि तुमची हाक आली. तुम्हाला बघून हात हलवला तेव्हा ती नळी माझ्या दुसऱ्या हातात होती.

लॅबचे आकडे फेब्रुवारीत आले. आमचे देवव्रत सर म्हणाले, "नमुना बिघडलेला दिसतोय, एवढं येऊच शकत नाही. एप्रिलला परत घेऊ, तोवर हा आकडा रिपोर्टला लावू नको." तीन नंबरच्या रकान्यात त्यांनी "आढळले नाही" असं भरलं आणि कागद माझ्यापुढे ठेवला. नमुना बिघडला नव्हता हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. त्याच महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती. मी सही केली.

मग तुमचं पत्र परत वाचलं. भाताला वास येतो. तेव्हा मी तुम्हाला ते लिहिलं. खरं सांगितलं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी पंपावर जाल, माझं नाव निघेल, म्हणून काहीतरी कारण हवं होतं. मला गाळ सुचला. तुमच्या विहिरीत गाळ आहे की नाही मी कधी बघितलंही नव्हतं. पाणी वापरणं थांबेल एवढंच डोक्यात होतं. गाळ म्हटल्यावर कोणीही तो काढायला जाईल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. यायला हवं होतं, हेच माझं काम आहे.

नितेशदादाचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. एक फोन पुरला असता. फोनची नोंद राहते, मेसेज पुढे जातो, म्हणून मी पत्र लिहिलं आणि तेही फाडायला सांगितलं.

तुमचं २० मार्चचं पत्र आलं तेव्हा मी नागपूरकडे होते. आईने फोनवर सांगितलं, मामाचं पत्र आलंय, उघडू का. मी म्हटलं, ठेव, आल्यावर वाचते. मला वाटलं, तुम्ही परत पंपाचं विचारलं असेल. मी ते ८ एप्रिलला वाचलं. तारीख वाचून नितेशदादाला फोन लावणारच होते, तर आई आतून आली. तिला नुकतंच कळलं होतं.

मामा, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली साठून राहते. मोटारीने पाणी उपसलं तसं पंपाच्या बाजूचं पेट्रोल विहिरीकडे ओढलं गेलं असणार. तो उतरला तेव्हा तिथे श्वास घेण्यासारखं काही नव्हतं. आणि कंदिलाचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पेटता कंदील सोडला असता तर विहिरीचा भडका उडाला असता, आणि कठड्यावर तुम्ही दोघं होतात. हे समजूत घालायला लिहीत नाही. तसंच झालं असतं.

सोबत वहीच्या पानाची, फोटोची, लॅबच्या कागदाची आणि मी सही केलेल्या रिपोर्टची प्रत आहे. मूळ कागद उद्या पोलिसांना देते. अक्षतावहिनीला हे तुम्ही सांगायचं की मी, ते तुम्ही ठरवा.

माफी मागत नाही. कशाच्या तोंडाने मागू.

रुचिरा

---

मुलुंड
१० जून २०२४

ती. धाकूमामा,

तुमचं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण काय झालं ते तुम्हाला कळलं पाहिजे, म्हणून लिहिते.

मी जबाब दिला. २८ मे रोजी सरकारी माणसांसमोर पंपाची टाकी खणून काढली. तुम्ही कुंपणापलीकडून बघितलं असेल. तळाच्या जोडाशी करंगळी जाईल एवढं भोक होतं. किती दिवसांचं ते सांगता येत नाही, पण कडा गंजून गुळगुळीत झाल्या होत्या. टाकीपासून तुमची विहीर तीस फूट, मधे तीन नंबरचा पाईप.

देवव्रत सरांनी सांगितलं की आकडे मीच भरले, सही माझीच आहे. सही माझीच आहे. गुन्ह्यात पंपवाल्याचं, त्यांचं आणि माझं, अशी तिघांची नावं आहेत. कंपनीने मला काढलं. आईला वाटतं मी जबाब द्यायला नको होता. ती माझ्याशी बोलते, पण माझ्याकडे बघत नाही.

चाळीतल्या सगळ्यांना, विशेषतः लहान मुलांना, एकदा रक्त तपासून घ्यायला सांगा. पेट्रोलचा त्यावर काही परिणाम झालाय का हे विशेष सांगून तपासावं लागतं, नेहमीच्या तपासणीत कळत नाही. मामीचीही करा. ती आठ दिवस ते पाणी प्यायली आहे.

रुचिरा

---

दहिसर
१५ जुलै २०२४

रुचिरा,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली.

पहिलं ६ मेला मिळालं. पोस्टमन नेहमीप्रमाणे पायरीवर देऊन गेला, मी तिथेच वाचलं. परत वाचलं. मग घरात जाऊन जेवलो. जेवण गेलं नाही वगैरे काही झालं नाही, दोन पोळ्या खाल्ल्या.

मीटिंगमध्ये गाळाचं सांगताना मी आतून फुगलो होतो. माझी भाची या लाईनीत आहे, तिला कळतं. नाव घेऊ नका म्हणालीस म्हणून घेतलं नाही, नाहीतर घेतलंच असतं. आता सगळं परत परत डोक्यात येतं. तू खोटं लिहिलंस. मी ते बावीस खोल्यांना वाचून दाखवल्यासारखं सांगितलं. आणि नितेश माझ्या डोळ्यांदेखत ओरडत होता. यातलं कुणाचं किती, ते मी मोजायला बसत नाही. मोजलं तर माझ्याही वाट्याला येतं.

कंदिलाचं वाचून मला क्षणभर बरं वाटलं. मग बरं वाटल्याचाच राग आला.

जानकीला मी सांगितलेलं नाही. ती अजून म्हणते, रुचिरा दहाव्याला कशी बसली होती, डोळ्यांतून टिपूस नाही, पोर आतल्या आत जळत होती. मी मान हलवतो. गुन्ह्यात तुझं नाव आहे हे तिला कळेल कधीतरी. माझ्याकडून नाही.

अक्षताला मात्र तुझं पत्र दिलं. तिने उभ्याउभ्या वाचलं आणि वकिलाकडे नेऊन दिलं. परत आली तेव्हा एवढंच म्हणाली, "त्यांच्या फोनमध्ये तिचा नंबर आहे, बाबा. सहा वर्षांत एकही कॉल नाही." मी तिचे ओठ नीट बघून घेतले, चुकून वाचलं का म्हणून. तिने कागदावर लिहून दाखवलं. मग म्हणाली, कोर्टात तिला खरं बोलायचं असेल तर बोलू दे, पण माझ्यासमोर यायचं नाही. ती आता माहेरी असते, रविवारी येते.

रक्ताची तपासणी झाली. प्रेमाबाईंच्या नातवाचं आणि जानकीचं परत करायला सांगितलंय. तुझं दुसरं पत्र डॉक्टरना दाखवलं म्हणून त्यांना कळलं काय बघायचं.

आता कशासाठी लिहितो ते. विहिरीवर लोखंडी पत्रा मारला आहे. आमच्या आवारात नवीन पाईप उतरवला, विहिरीपासून आठ फुटांवर. पंपवाल्यांच्या कंपनीचा माणूस दर महिन्याला पाणी काढून नेणार. चार तारखेला पहिल्यांदा आला. चांगला मुलगा होता, हेल्मेट घातलेला. मी त्याला विचारलं, काय निघालं? तो काहीतरी बोलला. चंद्रप्रकाशने लिहून दिलं, "सगळं ठीक आहे म्हणतो." रिपोर्ट यायच्या आधी.

परवा मीटिंग झाली. लोक म्हणाले, यांच्या बाटलीवर विश्वास नाही, आपली वेगळी बाटली भरायची आणि आपण लॅबला द्यायची. पण भरणार कोण? कुणाला ठाऊक आहे, किती खोल सोडायचं, कुठली बाटली, बर्फ किती? मी तुझं नाव सांगितलं. या वेळी नाव घेऊन सांगितलं, आणि तू काय केलंस तेही सांगितलं, काही लपवलं नाही. जानकी गुडघ्यांमुळे मीटिंगला येत नाही. खूप बोलणं झालं, ते मला ऐकू आलं नाही. चंद्रप्रकाश उठून गेला. शेवटी प्रेमाबाईंनी पाटीवर लिहून दाखवलं, "तिला एकदा खोट्याची किंमत कळली आहे, त्या मुलाला अजून कळायची आहे." हात वर झाले ते मी मोजले. तेरा.

तर दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तो मुलगा येतो. तू त्याच दिवशी ये. तुझी नळी, तुझ्या बाटल्या. जे निघेल ते माझ्यासमोर बाटलीवर लिही आणि त्याखाली सही कर. मी बाजूला उभा राहीन. बोलायची गरज नाही, मला ऐकूही येणार नाही.

घरी येऊ नकोस. मागच्या फाटकाने विहिरीपाशी ये, दुपारी अडीचच्या सुमाराला. त्या वेळी जानकी झोपलेली असते.

धाकू